ताटातलं पाणी : आभाळाचं की बोअरचं?



"पर्यावरण वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?" हा प्रश्न चौथी-पाचवीच्या वर्गात विचारून बघा. झाडे लावू, प्लास्टिक वापरणार नाही, नळ उघडा ठेवणार नाही, ही उत्तरं लगेच येतात. उत्तरं चुकीची नाहीत, पण ती पाठ झालेली असतात. "आम्ही काय खातो ते बघू" असं उत्तर सहसा कुणी देत नाही. खरं तर आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी शेतीला लागतं. म्हणजे आपल्या घरात येणारं बहुतेक पाणी नळातून येतच नाही. ते धान्य, भाजी, साखर आणि तेलातून येतं.

आजचा हा लेख त्यावरच आहे. कुटुंबाने स्थानिक अन्न निवडलं तर पर्यावरणाला मदत होते, हे आपण मुलांना सांगतो. पण ती मदत नेमकी कशी होते, हे वर्गात उलगडून कसं शिकवायचं आणि घरी त्याला जोड कशी द्यायची, ते आपण पाहू. मी सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागात जिल्हा परिषद शाळेत शिकवते, म्हणून उदाहरणं इकडची घेतली आहेत. तुमच्या भागासाठी त्यात काय बदल करायचा, तेही शेवटी दिलं आहे.

१. आधी आपल्या जिल्ह्याचं गणित

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आता पिकांची गरज बघा. ज्वारी-बाजरीला पूर्ण हंगामात ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागतं. उसाला लागतं १५०० ते २५०० मिलिमीटर. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि थांबा. काही सांगायची गरज पडत नाही. "बाई, मग उसाला उरलेलं पाणी कुठून येतं?" हा प्रश्न मुलंच विचारतात.

ते येतं उजनीच्या कालव्यातून, विहिरीतून आणि बोअरमधून. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, त्या गावातल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

पाचवीच्या मुलांना पुढचं गणितही करता येतं. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उसाची गरज आपण मधली, २००० मिलिमीटर धरू. त्यातले पावसाचे ५०० वजा केले, तर १५०० मिलिमीटर पाणी उपसून द्यावं लागलं. म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर. एका हेक्टरमधून ८० टन ऊस निघाला आणि साखर उसाच्या साधारण दहा टक्के धरली, तर ८,००० किलो साखर मिळते. दीड कोटीला आठ हजाराने भागा. एका किलोमागे १,८७५ लिटर आलं. घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर ९,३७५ लिटर. गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर मुलांनी पाहिलेला असतो. म्हणजे महिन्याच्या साखरेच्या डब्यात जवळजवळ एक टँकर आहे!

हा अंदाज आहे, हे मुलांना जरूर सांगा. ठिबक असेल तर पाणी कमी लागतं. उसापासून मळी आणि बगॅसही मिळतो, म्हणून सगळं पाणी साखरेच्या नावावर टाकणं काटेकोर नाही. पण आकडा किती मोठा आहे, ते मुलांच्या लक्षात येतं.

२. आभाळाचं पाणी आणि उपसलेलं पाणी

इथे शिक्षकांनी एका प्रश्नाची तयारी ठेवावी. ज्वारीचं हेक्टरी उत्पादन उसाच्या मानाने फारच कमी असतं. त्यामुळे एका किलोमागे किती पाणी, असं गणित केलं तर ज्वारीचा आकडा साखरेपेक्षा मोठाही येऊ शकतो. मग ज्वारी जास्त पाणी खाते का?

ह्या प्रश्नाचं उत्तर हाच आजच्या पाठाचा गाभा आहे. पाणी किती लागलं याच्याइतकंच ते कुठलं होतं, हेही विचारायचं असतं.

आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पण काळ्या जमिनीने पावसाचं पाणी धरून ठेवलेलं असतं. त्या ओलीवर ज्वारी उगवते, थंडीत वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. बऱ्याच शेतांत तिला एकदाही पाणी द्यावं लागत नाही. जे पाणी जमिनीत होतंच, ते ज्वारीने वापरलं. विहिरीला तिने हात लावला नाही. उसाचं आणि गव्हाचं तसं नाही. गव्हालाही आपल्याकडे साधारण चार ते सहा वेळा पाणी द्यावं लागतं.

मुलांसाठी मी यांना दोन साधी नावं ठेवली आहेत : आभाळाचं पाणी आणि उपसलेलं पाणी. वर्गात एकदा ही नावं रुजली की मुलं प्रत्येक पदार्थाला हाच प्रश्न लावतात. हरभरा? आभाळाचं. ऊस? उपसलेलं. तूर? आभाळाचं. केळी? उपसलेलं. काही पिकांना दोन्ही लागतं, त्यावर वाद होतो. तो होऊ द्या. शेतकऱ्यांच्या मुलांना यातलं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

३. जुनं ताट आणि नवं ताट

आपल्या भागातलं पन्नास वर्षांपूर्वीचं रोजचं ताट आठवा. ज्वारीची भाकरी, तुरीचं किंवा हुलग्याचं कालवण, हरभऱ्याच्या पाल्याची नाहीतर अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी आणि वर करडईचं तेल. हे सगळं एकाच शेतात किंवा आसपासच्या शिवारात पिकत होतं. करडई तर ज्वारीच्या कडेने पेरायचे. तिला काटे असतात म्हणून जनावरं आत शिरत नाहीत. म्हणजे तेलही मिळालं आणि कुंपणही झालं. तूर, हरभरा आणि हुलग्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. ज्वारीचा कडबा जनावरांना, शेण पुन्हा शेताला. पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीपेक्षा ही साखळी मुलांना लवकर कळते, कारण ती त्यांच्या दारातच असते.

आता आजचं ताट बघू. गव्हाची चपाती. गहू बहुतेक वेळा मध्य प्रदेशातून किंवा पंजाब-हरियाणाकडून आलेला. तेल सोयाबीनचं नाहीतर पामचं. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. तिथे पामच्या लागवडीसाठी वर्षावनं मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आहेत. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यामागे घटक वाचायला सांगा. 'पामोलिन' हा शब्द मुलांना बहुतेक पुड्यांवर सापडतो.

याचा शेतावर काय परिणाम झाला? १९६०-६१ च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र होतं. आज ते २० लाखांच्या आत आलं आहे. त्याला कारणं बरीच आहेत. ज्वारीला भाव नव्हता, काढणीला मजूर मिळत नाहीत, उसाला कारखाना हमखास गिऱ्हाईक आहे, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. हा सगळा दोष कुणा एका घराचा नाही. पण ताट बदललं हेही त्यातलं एक कारण आहे.

आमच्यासारख्या शाळांमध्ये एक वेगळी गोष्ट आहे. इथे खाणारं घर आणि पिकवणारं घर बहुतेक एकच असतं. ऊस लावणारा शेतकरीसुद्धा पूर्वी एखादा एकर ज्वारी 'घरापुरती' पेरायचा. घरात भाकरी खाणारं कुणी उरलं नाही की ती घरापुरतीही बंद होते. मग त्या एकराला पाणी उपसावं लागतं. आज डब्यात भाकरी आणायला लाजणारं मूल पंधरा वर्षांनी काय पेरायचं हे ठरवणार आहे. म्हणून मला हा पाठ महत्त्वाचा वाटतो.

आणि मुलं लाजतात, हे खरं आहे. "भाकरी म्हणजे गरिबांचं जेवण" असं मूल घरातून किंवा टीव्हीवरून शिकतं. अशा वेळी काही गोष्टी अभिमानाने सांगाव्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. आणि आपल्याकडच्या बायकांनी केलेल्या कडक भाकरी आज लांबच्या शहरांत विकल्या जातात.

४. 'स्थानिक' म्हणजे फक्त जवळचं नाही

हा मुद्दा आपण शिक्षक बऱ्याचदा घाईत सांगून टाकतो : "लांबून येणाऱ्या मालाला ट्रक लागतो, धूर होतो, म्हणून जवळचं खा." हे खरं आहे, पण अर्धंच. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा लहान, १० टक्क्यांच्या आतच असतो. विमानाने येणारी फळं त्याला अपवाद. मोठा परिणाम शेतातच होतो. पीक कोणतं, पाणी कुठलं, खत किती, यावर तो ठरतो.

शिवाय नुसतं अंतर मोजलं तर आमच्याकडे साखर सर्वांत 'स्थानिक' ठरेल, कारखाना दहा किलोमीटरवर आहे! म्हणून मुलांना तीन प्रश्न द्या :

• हे इथल्या आभाळाच्या पाण्यावर येतं का?
• हे आत्ताच्या ऋतूतलं आहे का?
• हे घरापर्यंत येताना किती प्रवास, किती साठवण आणि किती प्लास्टिक लागलं?

तीनही उत्तरं चांगली आली तर ते खरं स्थानिक अन्न. एखादं उत्तर चांगलं नसेल तर तो पदार्थ वाईट आहे असं नाही. रोज खायचा की कधीतरी, एवढंच ठरवायचं.

ऋतूचा प्रश्न समजवायला भोगीचा सण उत्तम. भोगीच्या भाजीत काय काय असतं ते मुलांना आठवायला सांगा : हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगी, गाजर, बोरं, ओल्या शेंगा. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. जानेवारीत आपल्या शिवारात जे असतं तेच त्या भाजीत असतं. येळवसेला शेतात बसून खाल्ली जाणारी भज्जी आणि आंबील तशीच. हुरडाही त्याच दिवसांत. ऋतुमानानुसार आहार हा धडा आपल्या आज्यांनी सणांत बांधून ठेवला आहे.

५. वर्गात घेता येतील असे उपक्रम

ताटाचा नकाशा (तिसरी ते पाचवी) : वहीत ताटाचं चित्र काढायचं. शाळेत जो पोषण आहार मिळतो, त्यातले पदार्थ त्यात लिहायचे. प्रत्येकापुढे तीन खुणा : कुठून आलं, कोणतं पाणी, कोणता ऋतू. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला, मदतनीस ताईंना किंवा घरी विचारून ती प्रश्नचिन्हं भरायची.

आजीची मुलाखत (चौथी-पाचवी) : पाच प्रश्न पुरेत. तुम्ही लहानपणी रोज काय खायचा? तेल कोणतं होतं? पावसाळ्यात कोणत्या रानातल्या भाज्या आणायचा? विहिरीला पाणी किती फुटांवर होतं? गहू कधी खायचा? शेवटच्या प्रश्नाला "सणाला" असं उत्तर बऱ्याचदा येतं. विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर आणि आज बोअरला लागणारी खोली शेजारी शेजारी लिहून घ्या.

मुळांच्या गाठी : हरभऱ्याचं एक रोप मुळासकट, माती न झटकता हळू उपटून आणायचं. पाण्यात मूळ धुतलं की गाठी दिसतात. गाठ कापली आणि आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. "डाळीचं पीक जमिनीला काय देतं?" हे मूल मग विसरत नाही.

आठवडी बाजाराची भेट : गटाने जायचं. कोणत्या भाज्या जवळच्या गावातून आल्या आणि कोणत्या मार्केट यार्डातून, याची यादी करायची. घोळ, तांदुळजा, पाथरी विकणाऱ्या आजींशी बोलायचं. मुलांनी नमस्कार करून, विक्रीत अडथळा न आणता प्रश्न विचारायचे, हे आधी ठरवून घ्या.

परसबाग : शाळेत परसबाग असेल तर तिथे त्या त्या ऋतूतलीच भाजी लावा. हात धुतलेलं पाणी चर काढून तिकडे वळवलं तर त्यावर शेवगा, अळू सहज येतात.

६. शिकवताना जपायच्या गोष्टी

• "काल घरी काय खाल्लं?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नये. कुणाच्या घरी काल फारसं काही शिजलं नसेल. कुणाच्या घरी मटण-मासे असतात, कुणाकडे नसतात. त्यावरून वर्गात टोमणे सुरू होतात. म्हणून नकाशासाठी शाळेतलं ताट घ्यावं, ते सगळ्यांचं एक असतं.
• उसावर बोलताना ऊस लावणाऱ्या बापाला दोषी ठरवू नये. त्याच उसावर त्या मुलाची फी, बहिणीचं लग्न आणि दवाखाना होतो. आपण पिकाचं पाणी मोजतोय, माणसाची लायकी नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं.
• रेशनचा गहू-तांदूळ हा अनेक घरांचा आधार आहे. तो कमी प्रतीचा आहे असा सूर लागू देऊ नये.
• बिस्किटाचा पुडा हाही कधी कधी कामावर लवकर गेलेल्या आईने ठेवलेला नाश्ता असतो. तेव्हा पुड्यांवर बोलावं, तो आणणाऱ्या मुलावर नको.

७. पालकांसाठी : घरी काय करता येईल

भाकरी परत आणा, पण कष्ट वाटून घ्या. "ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते" ही पालकांची तक्रार खरी आहे. त्यावर दोन उपाय आहेत. सुगीत थेट शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी घेतली तर भाव बरा मिळतो. आणि रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन-चार दिवस ठरवा. दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतात आणि ते हात घरातल्या बाईचेच असतात. पर्यावरणासाठी भाकरी आणि चुलीपुढे एकटी आई, असं नको. पीठ मळणं, तवा सांभाळणं, भांडी घासणं हे वडिलांनी आणि मुलग्यांनीही करावं. दहा वर्षांच्या मुलाला भाकरी थापायला येऊ शकते. पहिली वेडीवाकडी होईल, ती त्यानेच खावी!

कडधान्यं वाढवा. मटकी, हुलगा, चवळी, हरभरा ही कमी पाण्याची पिकं आहेत आणि जमिनीला नत्र देतात. मुलांच्या वाढीला लागणारी प्रथिनंही त्यातून मिळतात.

साखर मोजा. महिन्याला किती किलो लागते ते एकदा लिहून ठेवा. चहातला अर्धा चमचा कमी केला तर वर्षाला किती वाचते, हे मुलाकडून काढून घ्या. एका घराने साखर कमी केली म्हणून शेजारचा ऊस उद्या थांबणार नाही. पण मूल मोजायला शिकेल. आणि दातांनाही बरंच!

तेलाचा डबा वाचून घ्या. जवळ घाणा असेल तर शेंगदाणा किंवा करडईचं तेल थोडं आणून बघा. महाग वाटेल. रोजचं तळण कमी केलं तर खर्चाचा मेळ बसतो.

उरलेलं वाया घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं. त्यात साली-देठही आले. तरीही आकडा मोठा आहे. पिकवायला लागलेलं सगळं पाणी त्याबरोबर जातं. शिळ्या भाकरीचा कुस्करा, भाताचा फोडणीचा भात, उरलेल्या वरणाची आमटी हे आपल्याला नवीन नाही. फक्त "शिळं कशाला खायचं" हा नवा मोठेपणा सोडायचा. अन्न नीट झाकून, वेळेत आणि पुन्हा गरम करून खावं, एवढी काळजी घ्या.

८. तुमच्या भागात हाच पाठ

पाठ तोच ठेवा, ताट बदला. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे भात हेच आभाळाच्या पाण्याचं पीक आहे. सोबत नाचणी, वरी, कुळीथ, कोकम. तिथल्या मुलांना ज्वारीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. खानदेशात कळण्याची भाकरी, विदर्भात तूर, जवस आणि ज्वारी, नाशिक-नगरच्या डोंगरी भागात नागली आणि वरई. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांचं गावठी बियाणं जपलं. त्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या आजीने केलेलं हे काम मुलांना आवर्जून सांगा. पावसाळ्यात कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव जवळपास असेल तर वर्गाला घेऊन जा. मात्र ओळख नसलेली रानभाजी मुलांनी स्वतः तोडून खाऊ नये, ही सूचना विसरू नका.

पाठ झाल्यावर काय तपासायचं? लेखी परीक्षा घेऊ नका. एखादा पदार्थ पुढे ठेवा, समजा एक केळं, आणि मुलाला तीन प्रश्न त्याला लावायला सांगा. "केळ्याला पाणी उपसावं लागतं, पण ते आपल्याच तालुक्यातलं आहे, पुडा लागत नाही, म्हणून कधी कधी खायचं" असं काहीतरी तोडकंमोडकं उत्तर आलं तरी पाठ पोहोचला असं समजा. मूल विचार करतंय.

सध्या शेतात ज्वारी हुरड्यावर आली आहे, हरभरा घाट्यात आहे, बाजारात पावटा आणि गाजरं आहेत. मुळांच्या गाठी दाखवायच्या असतील तर मात्र उशीर करू नका. हरभरा वाळायला लागला की त्या गाठी दिसत नाहीत. येत्या आठवड्यातच एक तासिका काढा. आणि पालकहो, रविवारी मुलाबरोबर बाजारात जाल तेव्हा पिशवी त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक भाजीला त्यालाच विचारू द्या : ही आभाळाच्या पाण्यावर आली की बोअरच्या?